राहायला गेल्यानंतर इमारत कशी वागते? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

भोगवटा प्रमाणपत्र मिळालं, चाव्या दिल्या, की आर्किटेक्ट आणि कंत्राटदार पुढच्या कामाला लागतात. ती इमारत मे महिन्यात किती तापते, किती वीज खाते, आत राहणाऱ्यांना सोसते का, हे परत येऊन बघण्याची पद्धत आपल्याकडे जवळजवळ नाहीच. म्हणून ही तपासणी राहणाऱ्यांनाच करावी लागते, आणि ती बऱ्यापैकी करता येते. याविषयी आलेले काही प्रश्न इथं घेतले आहेत.

प्रश्न: आमची दोन विंगांची, १८ मजली, १४४ सदनिकांची संस्था आहे. ताबा घेऊन दीड वर्ष झालं. लिफ्ट, ओल, पाणी, पार्किंगमधला अंधार अशा तक्रारी ग्रुपवर रोज येतात. आधी काय हाती घ्यावं तेच कळत नाही. पद्धतशीर तपासणी कशी करायची? त्यासाठी एजन्सी नेमावीच लागते का?
– सचिव, गृहनिर्माण संस्था, ठाणे

तपासणीसाठी दीड वर्ष ही योग्य वेळ आहे. ताबा घेतल्यावर पहिल्या महिन्यात दिसतात ते किरकोळ दोष: न लागणारं दार, गळका नळ, उलट्या उताराची मोरी. इमारत खरी कशी आहे हे कळायला तिन्ही ऋतू एकदा पार पडावे लागतात आणि निम्म्याहून जास्त घरांत माणसं राहत असावी लागतात. रिकाम्या इमारतीचं वीजबिल आणि लिफ्टची रांग, दोन्ही फसवतात.

घाई करण्याचंही एक कारण आहे. रेरा म्हणजे स्थावर मालमत्ता कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष बिल्डरच्या लक्षात आणून दिला, तर त्यानं तो ३० दिवसांत विनाखर्च दुरुस्त करून द्यायचा असतो. 'भिंतीला ओल येते' एवढ्या पत्राला मोघम उत्तर मिळतं. 'बी विंग, १३ ते १८ मजले, पश्चिमेच्या बेडरूमची बाहेरची भिंत, २४ पैकी १७ घरं, जुलै' असं लिहिलं आणि सोबत तारखेचे फोटो जोडले की मोघम उत्तर देता येत नाही.

सुरुवातीला एजन्सी नको. आधी कागद जमवा. सामाईक मीटरची १२ महिन्यांची वीजबिलं, पाण्याची बिलं, टँकरच्या पावत्या, लिफ्टचं तक्रार रजिस्टर आणि प्लंबरला दिलेल्या पैशांची व्हाउचरं महिन्यानुसार एका तक्त्यात लावा. प्लंबरच्या व्हाउचरांकडे कुणी बघत नाही, पण त्यातून पुष्कळ कळतं. एकाच उभ्या डक्टमधल्या चार वेगवेगळ्या मजल्यांवर वर्षभरात प्लंबर गेला असेल, तर दोष त्या घरांत नाही, डक्टमधल्या पाइपात आहे.

मग फेरी. दोघांनी पंप ऑपरेटरला सोबत घेऊन गच्चीपासून तळघरापर्यंत उतरायचं, एकदा सकाळी अकराला आणि एकदा रात्री आठला. बघायचं ते राहणाऱ्यांनी स्वतः केलेले जुगाड. व्हेंटिलेटरला लावलेला पुठ्ठा, लॉबीतल्या दिव्याला गुंडाळलेला कागद, गॅलरीला बांधलेली ताडपत्री, या सगळ्या न लिहिलेल्या तक्रारी आहेत. जिन्याच्या अग्निरोधक दाराला वीट लावून ते उघडं ठेवलेलं जवळपास प्रत्येक टॉवरमध्ये दिसतं. कमिटी नोटीस लावते, वीट काढते, आठवड्यात वीट परत येते. म्हणून दार बंद करून पाच मिनिटं लॉबीत उभं राहून बघा. बहुतेक वेळा लॉबीला खिडकी नसते आणि दार लागलं की उजेड आणि हवा दोन्ही जातात. नाहीतर दाराचा क्लोजर (दार आपोआप लावणारं यंत्र) इतका कडक असतो की सत्तरीच्या बाईंना ते ढकलता येत नाही. पहिल्या कारणावर उपाय दिवा आणि यांत्रिक वायुवीजन, दुसऱ्यावर क्लोजरचा स्क्रू सैल करणं. आग लागली तर जिन्यात धूर जाऊ नये म्हणून ते दार आहे. वीट का येते हे शोधल्याशिवाय ते बंद राहणार नाही.

तिसरं काम प्रश्नावली. १४४ घरं आहेत, तेव्हा नमुना निवडत बसू नका, सगळ्यांना द्या. एक पान आणि फार तर १५ प्रश्न. नाव किंवा सदनिका क्रमांक मागू नका, त्यानं लोक हात आखडतात. विंग, मजल्याचा गट (१–६, ७–१२, १३–१८) आणि बेडरूमची दिशा एवढं पुरतं. 'तुमच्याकडे ओल येते का?' असं विचारलं की सगळे 'हो' म्हणतात. 'गेल्या पावसाळ्यात कोणत्या खोलीच्या कोणत्या भिंतीला ओल दिसली, आणि कोणत्या महिन्यात?' असं विचारा. उकाडा, हवा, उजेड, आवाज, पाण्याचा दाब यांना 'फार त्रास' ते 'अजिबात त्रास नाही' अशा पाच पायऱ्या द्या, आणि उकाड्याचा प्रश्न उन्हाळा, पावसाळा, हिवाळा यांसाठी वेगवेगळा ठेवा. दुपारी जो घरी असतो त्यानं ते भरायचं. निम्म्याहून कमी कागद परत आले तर रविवारी दारोदार जा. स्वतःहून भरून देतात ते बहुतेक त्रासलेले लोक असतात, आणि तेवढ्यावरून काढलेलं चित्र एकतर्फी होतं. वॉचमन, सफाई कामगार आणि घरकाम करणाऱ्या बायकांना तोंडी विचारा. रात्री कोणता पंप किती वेळा सुरू होतो, लॉबीत कुठं पाणी साचतं, हे त्यांच्याइतकं अध्यक्षांना माहीत नसतं.

या तिन्हींतून जे समोर येईल तेवढंच मोजायचं. एजन्सी बोलवायची ती संरचना, लिफ्ट, विजेचे पॅनल आणि अग्निसुरक्षा यांसाठी. अग्निसुरक्षेत तर पर्यायच नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं 'नमुना ब' प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. ते याच फाइलला लावा.

कामांचा क्रम लावताना जिवाला धोका असलेलं सर्वांत आधी, मग आत पाणी शिरणारं, कारण ते थांबलं नाही तर बाकी दुरुस्त्या वाया जातात. त्यानंतर जास्तीत जास्त घरांना रोज छळणारं. ग्रुपवर ज्याचा आवाज मोठा त्याची तक्रार पहिली, असं होऊ देऊ नका.

प्रश्न: आम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. मे महिन्यात रात्री अकरालाही पंखा गरम वारा टाकतो. एक जण गच्चीला पांढरा रंग द्या म्हणतो, दुसरा पत्र्याची शेड, तिसरा आतून पीओपीचं फॉल्स सीलिंग. काय करावं?
– वाचक, नागपूर

तिघांपैकी कुणीही उष्णता कुठून येते ते मोजलेलं दिसत नाही. आधी ते करू.

तापमान आपोआप नोंदवणारे तीन लॉगर घ्या. एक तुमच्या बेडरूममध्ये, दुसरा दोन मजले खाली त्याच दिशेच्या बेडरूममध्ये, तिसरा बाहेर उत्तरेच्या सावलीत. खोलीतला लॉगर जमिनीपासून १.१ मीटरवर, आतल्या भिंतीजवळ ठेवा. टीव्ही, फ्रिज आणि उन्हाची तिरीप यांपासून लांब. बाहेरच्या भिंतीला टेकवला तर तो हवेचं नाही, भिंतीचं तापमान सांगतो. दर १५ मिनिटांना एक नोंद, सलग सात दिवस. कूलर किंवा एसी कधी चालवला याच्या वेळा वहीत लिहा, नाहीतर आकडे वाचता येणार नाहीत.

मग रात्री ९ ते १२ मधला वरच्या आणि खालच्या खोलीतला फरक बघा. तो तीन अंशांच्या आसपास किंवा जास्त असेल, तर दोषी गच्ची. काँक्रीटचा स्लॅब आणि त्यावरचा कोबा दिवसभर ऊन पितात आणि ती उष्णता छताच्या खालच्या बाजूला पोचायला काही तास लागतात, म्हणून तुमचा त्रास दुपारपेक्षा रात्री जास्त. दोन्ही खोल्या सारख्याच तापत असतील, तर दोष पश्चिमेच्या भिंतीचा आणि खिडकीचा, आणि गच्चीवरचा खर्च फुकट जाईल. खात्रीसाठी रात्री आठला इन्फ्रारेड थर्मामीटरनं छत आणि आतली भिंत मोजा. बंदुकीसारख्या दिसणाऱ्या स्वस्त थर्मामीटरचं अंतराशी वर्तुळाचं प्रमाण साधारण १२:१ असतं, म्हणजे तीन मीटरवरून ती २५ सेंटिमीटरच्या वर्तुळाची सरासरी दाखवते. त्यात ट्यूबलाइट आली तर आकडा चुकतो. चकचकीत ॲल्युमिनियमवर तर ती हमखास खोटं सांगते.

किती गरम म्हणजे जास्त? पंख्यावर, उघड्या खिडक्यांत काम करणाऱ्या भारतीयांच्या अभ्यासातून आलेलं एक सूत्र राष्ट्रीय बांधकाम संहितेत आहे: बाहेरच्या हवेची गेल्या ३० दिवसांची सरासरी गुणिले ०.५४, अधिक १२.८३. सरासरी ३४ अंश असेल तर उत्तर ३१.२ येतं, आणि त्याच्या २.४ अंश खाली-वर बहुतेकांना चालतं. म्हणजे ३३.६ च्या वर खोली रात्रभर राहत असेल तर तुमची तक्रार खरी आहे. सूत्र कार्यालयांवरून काढलेलं असल्यानं झोपण्याच्या खोलीला ते अंदाजापुरतंच धरा.

गच्चीच दोषी निघाली तर पहिला उपाय पांढरा, ऊन परतवणारा लेप, कारण तो सर्वांत स्वस्त. पण आधी कोबा ठोकून बघा. पोकळ आवाज येतो तिथं पाणी शिरलेलं असतं, आणि ओल्या कोब्यावर दिलेला लेप पहिल्याच पावसाळ्यात फुगून सुटतो. भेगा भरा, गच्ची घासून धुवा, पूर्ण वाळू द्या, मग दोन हात. धूळ आणि शेवाळ बसलं की परिणाम उतरतो. दर उन्हाळ्याआधी धुणं आणि दोन-तीन वर्षांनी नवा हात हा खर्च आधीच धरा.

त्यानं भागलं नाही तर गच्चीवर, वॉटरप्रूफिंगच्या वर, एक्स्ट्रुडेड पॉलिस्टायरीनचे (उष्णता अडवणाऱ्या कडक फोमचे) ४० ते ५० मिलिमीटरचे बोर्ड आणि त्यावर संरक्षक थर. उघड्या काँक्रीट स्लॅबचा उष्णतावहनाचा यू-अंक (जितका कमी तितकी उष्णता कमी शिरते) तीनच्या वर असतो. घरांसाठीची २०१८ ची ऊर्जा संहिता, म्हणजे इको निवास संहिता, छताला जास्तीत जास्त १.२ मान्य करते, आणि अशा बोर्डांनी तो त्याच्या निम्म्यापर्यंत उतरू शकतो. शेडची सावली चांगली पडते, पण महापालिकेची परवानगी लागते आणि बाजू बंद केल्या तर खाली गरम हवा कोंडते. फॉल्स सीलिंग मात्र नको. स्लॅब तसाच तापत राहतो, पंखा खाली येतो, खोली बुटकी होते आणि पुढं गळती झाली तर दिसत नाही.

काम झाल्यावर पुन्हा सात दिवस मोजा. तुलना तुमच्या खोलीच्या गेल्या वर्षीच्या तापमानाशी नको, कारण दोन उन्हाळे सारखे नसतात. वरच्या आणि खालच्या खोलीतला फरक आधी किती होता आणि आता किती आहे, तेवढंच बघायचं.

प्रश्न: आमच्या पंपांच्या मीटरवर दिवसाला सरासरी ६२ युनिट पडतात. रोज सुमारे एक लाख लिटर पाणी जमिनीखालच्या टाकीतून ५५ मीटर वर चढतं. १३० सदनिका आहेत. हे बरोबर आहे का?
– खजिनदार, गृहनिर्माण संस्था, पुणे

नाही. हिशेब करून बघा. १०० घनमीटर पाणी ५५ मीटर चढवायला निव्वळ १५ युनिट लागतात (१०० × ५५ × ९.८१ ÷ ३६००). पंप, मोटर आणि पाइपातलं घर्षण मिळून एकूण कार्यक्षमता ४५ ते ५० टक्के धरली तर ३० ते ३३ युनिट. तुम्ही दुप्पट मोजताय.

पहिली शंका मीटरवरच. त्या मीटरवर आणखी काय जोडलंय? सांडपाणी प्रकल्पाचा ब्लोअर (टाकीत हवा सोडणारं यंत्र) किंवा अग्निशमनाचा जॉकी पंप पुष्कळदा तिथंच असतो. जॉकी पंप हायड्रंटच्या, म्हणजे आग विझवायच्या नळांच्या, पाइपातला दाब टिकवतो. पाइप गळका नसेल तर तो क्वचित सुरू होतो. दर दहा मिनिटांनी सुरू होत असेल तर आगीच्या लाइनीत कुठं तरी गळती आहे. ही वीजबिलापेक्षा गंभीर बाब आहे, ती त्याच दिवशी कळवा.

मग नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलट येऊ न देणारी झडप. पंप बंद झाल्यावर शाफ्ट क्षणभर उलटा फिरला, किंवा उभ्या पाइपातून पाणी खाली जाण्याचा आवाज येत राहिला, तर वर चढवलेलं पाणी परत खाली येतंय. तिसरं, गच्चीवरच्या टाकीचा फ्लोट. पहाटे गच्चीवर जाऊन ओव्हरफ्लोच्या पाइपाला हात लावा. ओला असेल तर कारण सापडलं. हे तिन्ही ठीक निघाले तरच पंपाकडे वळा. इम्पेलर (पाणी ढकलणारं आतलं चक्र) झिजला असेल, किंवा ५५ मीटरच्या कामाला ९० मीटरचा पंप बसवून व्हॉल्व्ह अर्धा आवळून ठेवला असेल. डिलिव्हरीवरचा प्रेशर गेज बघितला की कळतं. तो नसेल तर बसवून घ्या.

आता पाण्याकडे या. १३० घरं, घरटी चार माणसं, माणशी १३५ लिटर: ७०,२०० लिटर झालं. तुमचं एक लाख जातंय, म्हणजे माणशी १९२. रात्री एक ते चार गच्चीवरच्या टाकीचा इनलेट बंद ठेवून पातळी किती उतरते ते पट्टीनं मोजा. एक चौरस मीटर टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे १० लिटर. टाकी ४ × ५ मीटरची असेल आणि तीन तासांत १५ सेंटिमीटर उतरली, तर ३,००० लिटर गेलं, आणि त्या वेळी कुणी आंघोळ करत नव्हतं. बहुतेक वेळा हे फ्लशच्या टाक्यांतून जातं. सगळ्या घरांना सांगा: फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाका, अर्धा तास फ्लश करू नका, आणि भांड्यात रंग उतरतो का बघा. उतरला तर रबरी वॉशर बदला. एवढं करूनच पंपाचे तासही कमी होतात.

प्रश्न: शाळेची नवी इमारत दोन वर्षांपूर्वी झाली. पावसाळ्यात झोताचा पाऊस आत येतो म्हणून खिडक्या बंद ठेवाव्या लागतात. दुसऱ्या तासाला मुलं पेंगतात. पालक एसीसाठी वर्गणी काढायला तयार आहेत. एसी घ्यावेत का?
– मुख्याध्यापिका, रत्नागिरी जिल्हा

कृपया थांबा. साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, आतलीच हवा गार करून फिरवतो. तुमची अडचण हवेची आहे.

वर्ग ५० चौरस मीटरचा आणि ३.२ मीटर उंच धरला तर आत १६० घनमीटर हवा असते. बसलेलं मूल तासाला साधारण १५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतं, ४० मुलं ६०० लिटर. खिडक्या-दारं घट्ट बंद असली तर तासाला सुमारे ३,७५० पीपीएमची (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) भर. बाहेरची पातळी ४२० च्या आसपास असते, म्हणजे वीस मिनिटांत आतली १,६०० ओलांडते. प्रत्यक्षात फटींतून थोडी हवा येते, पण दुसऱ्या तासाला पेंग का येते हे यावरून कळेल.

मोजायला एनडीआयआर सेन्सरचं, म्हणजे अवरक्त किरणांनी थेट कार्बन डायऑक्साइड मोजणारं, यंत्र घ्या. काही स्वस्त यंत्रं दुसऱ्याच वायूंवरून अंदाज बांधून आकडा दाखवतात, ती नकोत. आणल्यावर आधी मैदानात दहा मिनिटं ठेवा. ४०० ते ४५० च्या आसपास दाखवायला हवं. वर्गात ते बाकाच्या उंचीवर, मधोमध, कुणाच्या तोंडासमोर येणार नाही असं ठेवा. दर पाच मिनिटांचा आकडा, शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत, किमान तीन पावसाळी दिवस, आणि शेजारी खिडक्या-दारांची स्थिती आणि मुलांची संख्या. १,००० पर्यंत ठीक. १,५०० च्या वर बराच वेळ राहत असेल तर काम करायलाच हवं.

उपाय असा. मुलामागे सेकंदाला पाच लिटर ताजी हवा धरली तर ४० मुलांना तासाला ७२० घनमीटर लागते, आणि तेवढ्यात पातळी १,२५० च्या आसपास स्थिरावते. ३०० मिलिमीटरचा एक एक्झॉस्ट पंखा कागदावर याहून जास्त देतो, पण हवा आत यायला वाट नसेल तर तो नुसता घुमतो. म्हणून वाऱ्याच्या उलट बाजूला वर पंखा आणि व्हरांड्याच्या बाजूला तितक्याच मापाची जाळी, असं जोडीनं करा. आवाजाला जपा, पूर्ण वेगात एकाऐवजी कमी वेगात दोन पंखे बरे. कायमचा उपाय म्हणजे खिडक्यांच्या वरच्या पट्टीला खाली झुकलेले लूव्हर (तिरक्या पट्ट्या) आणि रुंद छज्जा, म्हणजे पावसातही वरची हवा खेळती राहते. हा छज्जा मुळात अपुरा पडला, म्हणून ही सगळी कसरत. खिडक्या बंद असताना बाकावरचा उजेडही मोजा, ३०० लक्स (उजेडाचं एकक) हवेत.

तुम्ही विचारलं नाही, तरी एक गोष्ट याच तपासणीत घ्या: मुलींची स्वच्छतागृहं. संख्या पुरेशी असली तरी ती वापरली जातात का हा प्रश्न वेगळा. एखाद्या शिक्षिकेनं मुलींना एकेकटं विचारावं, 'शाळेत असताना पाणी किती वेळा पितेस?' ज्या मुली मुद्दाम पाणी टाळतात, त्या स्वच्छतागृह टाळत असतात. मग आत जाऊन बघा: कडी आतून लागते का, दप्तर किंवा ओढणी अडकवायला खुंटी आहे का, नळ आतच आहे का, ढगाळ दिवशी दिवा लागतो का, पॅड टाकायला झाकणाचा डबा आहे का, पावसात तिथवर भिजत जावं लागतं का. यातल्या बहुतेक गोष्टी एसीच्या वर्गणीच्या एका हिश्श्यात होतात, आणि मुली शाळेत येत राहण्याशी त्यांचा थेट संबंध आहे.

प्रश्न: पुनर्वसनाच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर घर आहे. समोरची इमारत हाताच्या अंतरावर. दिवसाही दिवा लागतो, घरात कोंदट वाटतं. याचं मोजमाप होतं का, आणि उपयोग काय?
– वाचक, मुंबई

होतं, आणि उपयोग मोठा आहे. गोवंडी-मानखुर्द भागातल्या अशाच वसाहतींचा अभ्यास 'डॉक्टर्स फॉर यू' ही स्वयंसेवी संस्था आणि आयआयटी मुंबई यांनी केला. २०१८ मध्ये तो पुढं आला. जेमतेम तीन मीटर अंतरावर उभ्या केलेल्या इमारतींमध्ये, विशेषतः उजेड आणि वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर, क्षयरोगाचं प्रमाण जास्त असल्याचं त्यातून दिसलं. लोक राहायला गेल्यानंतर इमारत तपासली म्हणूनच हे कळलं.

घरातला उजेड असा मोजा. पूर्ण ढगाळ दिवशी दिवे बंद करून खोलीत टेबलाच्या उंचीवर लक्समीटर धरा, आणि त्याच वेळी दुसऱ्यानं उघड्या गच्चीवर. आतला आकडा भागिले बाहेरचा, गुणिले १००. भारतीय मानक बसण्याच्या खोलीला ०.६२५ टक्के आणि स्वयंपाकघराला २.५ टक्के मागतं, म्हणजे ८,००० लक्सच्या आकाशाखाली ५० आणि २०० लक्स. वाऱ्यासाठी खिडकीत पेटती अगरबत्ती धरा, आधी दार बंद, मग उघडं. दोन्ही वेळा धूर सरळ वर गेला तर हवा हलतच नाही. दार उघडल्यावर वाकला तर अडथळा दारात किंवा पॅसेजमध्ये आहे. पॅसेजच्या टोकाच्या खिडक्या सामानानं किंवा विटांनी बंद झाल्या आहेत का बघा. त्या मोकळ्या केल्या तर अख्ख्या मजल्याला फरक पडतो, आणि त्याला फारसा खर्च नाही.

बाकी उपाय मर्यादित आहेत. खिडकीच्या ग्रिलमधलं सामान काढा, काचेवरची काळी फिल्म काढा, छत पांढरं करा. दोन संस्था एकत्र येऊन एकमेकांसमोरच्या भिंती पांढऱ्या रंगवत असतील तर खालच्या मजल्यांना त्याचा फायदा होतो. इमारतींमधलं अंतर मात्र आता वाढणार नाही, आणि ते ज्यांनी मंजूर केलं त्यांच्यापर्यंत हे आकडे संस्थेच्या लेटरहेडवर पोचायला हवेत. घरात कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते, ती टाळू नका.

प्रश्न: आमच्या कार्यालयाच्या इमारतीला हरित प्रमाणपत्र आहे. मग पुन्हा मूल्यमापन कशाला?
– प्रशासन अधिकारी, नवी मुंबई

असं प्रमाणपत्र मुख्यतः आराखडा आणि संगणकावरचा अंदाज बघून दिलेलं असतं. ब्रिटनमध्ये १९९५ ते २००२ या काळात 'प्रोब' नावानं वापरातल्या इमारती तपासून त्यांचे अहवाल नावानिशी छापले गेले. प्रत्यक्ष ऊर्जावापर अंदाजाच्या दुप्पट असल्याचं त्यात वारंवार आढळलं. ऑस्ट्रेलियातली इमारतींची मानांकन पद्धत 'नॅबर्स' तर अंदाज विचारातच घेत नाही, १२ महिन्यांचा प्रत्यक्ष वापर बघून तारे देते. आपल्याकडे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची कार्यालयांसाठीची तारांकन योजनाही वर्षाच्या बिलांवरच चालते. वर्षाचे युनिट भागिले बांधीव चौरस मीटर एवढाच भागाकार. उष्ण-दमट हवामानात, निम्म्याहून जास्त क्षेत्र वातानुकूलित असलेल्या कार्यालयाला १०० च्या खाली पाच तारे आणि १७५ ते २०० ला एक. तुमचा आकडा आज दुपारी काढता येईल.

काचेच्या इमारतीत आणखी एक करा. दुपारी तीनला बाहेर उभं राहून पडदे ओढलेल्या खिडक्या मोजा. निम्म्याहून जास्त पडदे बंद आणि आत दिवे चालू असतील, तर त्या काचेतून फक्त उष्णता येतेय.

प्रश्न: सांडपाणी प्रकल्पाला वास येतो. ऑपरेटर म्हणतो सगळं ठीक आहे. कसं तपासायचं?
– कमिटी सदस्य, पिंपरी-चिंचवड

ब्लोअर चालू असताना हवा सोडण्याच्या टाकीतून एक लिटर पाणी काचेच्या मोजपात्रात घ्या आणि अर्धा तास न हलवता ठेवा. खाली बसलेला तपकिरी गाळ साधारण २५० ते ३५० मिलिलिटर आणि वरचं पाणी नितळ, हे ठीक. गाळ १५० च्या खाली असेल तर जिवाणूच पुरेसे नाहीत. गाळ काळा आणि वास कुजका असेल तर हवा कमी पडतेय, आणि त्याचं नेहमीचं कारण म्हणजे वीज वाचवायला रात्री ब्लोअर बंद ठेवणं. ब्लोअरला तास मोजणारं मीटर लावा, पंधरा दिवसांत कळेल.

प्रश्न: भिंतीवरची ओल बाहेरून आली की आतल्या दमट हवेची, हे कसं ओळखावं?
– वाचक, पणजी

भिंत पुसून कोरडी करा आणि ३० × ३० सेंटिमीटर जाड प्लास्टिक चारही बाजूंनी टेप लावून हवाबंद चिकटवा. दोन दिवसांनी थेंब प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला असतील तर ती हवेतली आर्द्रता. टोकं टोचून बघण्याच्या मॉइश्चर मीटरवर विसंबू नका. किनाऱ्याजवळच्या गिलाव्यात क्षार असतात आणि त्यामुळं कोरडी भिंतही ओली दाखवते.

प्रश्न: उजेड आणि आवाज मोजायला मोबाइलचं ॲप चालेल का?
– वाचक, कोल्हापूर

दोन जागांची तुलना करायला चालेल, त्याच मोबाइलनं आणि त्याच वेळी. बिल्डरला किंवा महापालिकेला द्यायच्या पत्रात मात्र ते आकडे टाकू नका. त्यासाठी कॅलिब्रेशनचा (अचूकता तपासल्याचा) दाखला असलेलं यंत्र भाड्यानं आणा आणि पत्रात यंत्राचा क्रमांक, तारीख आणि वेळ लिहा.